नजरकैदेतली रत्नागिरी

रत्नागिरीला जातेय, असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. एप्रिल-मे असेल तर एकच उत्तर येतं, ‘येताना पेटी आण हं!’ जून ते सप्टेंबर असेल तर, ‘आत्ता? एवढ्या पावसात? कशाला?’ आणि उरलेल्या महिन्यांत, ‘म्हणजे गणपतीपुळ्याला ना?’ हापूस, पाऊस आणि पुळ्याचा गणपती. या तिघांच्या मधोमध एक अख्खं गाव आहे, बंदर आहे, आणि त्या गावाला भलताच चमत्कारिक इतिहास आहे, हे कुणाच्या गावीही नसतं.

इंग्रज साहेबाला रत्नागिरी म्हटलं की आंबा आठवत नसणार. त्याच्या डोक्यातला हिशेब वेगळा. इथं रेल्वे नाही. घाट उतरून यायचं तर हाडं खिळखिळी. जायची-यायची खरी वाट समुद्राची, आणि तीही पावसाळ्याचे चार महिने बंद. पण १८२२ पासून जिल्ह्याचं ठाणं इथंच, त्यामुळे कलेक्टर आहे, सिव्हिल सर्जन आहे, पोलीस आहेत, तुरुंग आहे. ज्याला मारायचं नाही पण मोकळंही सोडायचं नाही, अशा माणसाला ठेवायला याहून सोयीची जागा कुठली? नकाशावर बोट ठेवलं असेल कुणीतरी आणि म्हटलं असेल, पाठवून द्या रत्नागिरीला.

तेव्हा या खेपेला मी ठरवलं, दोन दिवस नुसती ‘स्थानबद्ध’ माणसांची रत्नागिरी बघायची. शुक्रवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या पकडली की शनिवारी उजाडता उजाडता तुम्ही रत्नागिरी स्टेशनात उभे. स्टेशन गावापासून लांब आहे, रिक्षा करावी लागते. रिक्षावाल्या काकांना मी उत्साहानं थिबा पॅलेस म्हणून सांगितलं, तर त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. ‘आत्ता? अजून राजा उठला नाय.’ सकाळी साडेपाचला इतका फ्रेश विनोद मुंबईत कुणी करत नाही.

तर हा राजा. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला तेव्हा वय १९. सात वर्षं राज्य केलं. १८८५च्या नोव्हेंबरात इंग्रजांची फौज इरावती नदीतून वर चढली आणि पंधरवड्यात खेळ खलास. राजाराणीला बैलगाडीत बसवून धक्क्यावर नेलं, बोटीत चढवलं, रंगूनमार्गे मद्रासला आणलं आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीच्या बंदरात उतरवलं. तेव्हा थिबा २७ वर्षांचा होता.

२७! या आकड्यावर जरा थांबा. आपल्याकडे २७व्या वर्षी माणूस पहिल्या मोठ्या प्रमोशनची नाहीतर होम लोन पास व्हायची वाट बघत असतो. याचं सगळं होऊन गेलं होतं. आणि पुढची तीस वर्षं याला काम काय, तर काहीच नाही. राजीनामा द्यायची सोय नाही, बदली मागितली तरी मिळायची नाही. पेन्शन किती ते सरकार ठरवणार, भेटायला कोण येणार ते सरकार ठरवणार, फिरायला कुठपर्यंत जायचं तेही सरकारच. त्याच्यावर देखरेख ठेवायला खास पोलीस अधिकारी नेमलेला होता. राजा व्हॉइसरॉयला अर्जामागून अर्ज करायचा आणि तिकडून थंड, सभ्य इंग्रजीत उत्तरं यायची. पैसे पुरेनात तेव्हा मंडालेहून आणलेली माणकं-हिरे एकेक करून बाजारात जायला लागले. थोडक्यात काय, घरात सोनं आहे पण महिनाअखेरीला खिशात पैसे नाहीत, ही परिस्थिती राजवाड्यातही असू शकते.

बरोबर दोन राण्या होत्या, त्याही सख्ख्या बहिणी. मोठी सुपयालत, धाकटी सुपयागले. चार मुली. पहिल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासला, आणि शेंडेफळ इथलं, अस्सल रत्नागिरीचं. ही सगळी मंडळी पहिली चोवीस वर्षं सरकारनं दिलेल्या बंगल्यातच राहिली. आज आपण तिकीट काढून बघतो तो थिबा पॅलेस १९१०चा. म्हणजे हक्काच्या राजवाड्याचं सुख राजाला मिळालं ते जेमतेम सहा वर्षं. १९१६च्या डिसेंबरात तो इथंच वारला.

आता पॅलेस बघायचा कसा, ते सांगते. राजवाडा म्हणून बघायला जाल तर थोडा हिरमोड होईल. म्हैसूर-बडोदा बघून आलेल्यांनी आपल्या अपेक्षा घरीच ठेवाव्यात. उतरती छपरं, लालसर भिंती, अर्धगोल खिडक्यांवरचं लाकडी कोरीवकाम, मोठमोठी दालनं. आत सरकारी संग्रहालय आहे, त्यात राजाच्या वापरातल्या मोजक्या वस्तू. फोटो मस्त येतात, विशेषतः दुपार कलल्यावर पश्चिमेचं ऊन भिंतींवर आलं की. पण ही वास्तू तुरुंग म्हणून बघा, मग ती बोलायला लागते. एवढ्या खिडक्या कशाला हव्यात माणसाला? बाहेर बघायला. आणि बाहेर काय दिसतं? खाडी, आणि खाडीच्या तोंडाशी समुद्र. ज्या पाण्यावरून आणलं, तेच पाणी रोज समोर. हा जेलर फार हुशार होता, किंवा फार दुष्ट.

अमिताव घोष यांची २०००साली आलेली ‘द ग्लास पॅलेस’ ही कादंबरी मंडालेला सुरू होते आणि तिथून या रत्नागिरीत येते. त्यातला राजा दुर्बीण लावून बंदरात येणारी गलबतं न्याहाळत बसतो. कादंबरी आहे, इतिहास म्हणून वाचू नका. पण पॅलेसच्या वरच्या मजल्यावर पाच मिनिटं नुसतं उभं राहिलं की लेखकाला ती दुर्बीण कुठून सुचली असेल ते कळतं. पॅलेसजवळच ‘थिबा पॉइंट’ आहे. संध्याकाळी तिथं अर्धी तरुण रत्नागिरी लोटते. समोर भाट्याची खाडी, पूल, सूर्यास्त, सेल्फी. एका राजाच्या कंटाळ्याचं ठिकाण आता गावाच्या फिरण्याचं ठिकाण झालंय, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

पॅलेसवरून तडक टिळक आळीत या. रिक्षानं फार वेळ लागत नाही. कौलारू घर, थंडगार जमीन, अंगणात झाडांची सावली. २३ जुलै १८५६ला इथं लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. वडील शिक्षक. त्यांची पुण्याला बदली झाली तेव्हा बाळ दहा वर्षांचा होता. म्हणजे ट्रान्स्फर झालेल्या सरकारी नोकराचा मुलगा, शाळा बदलून मोठ्या शहरात गेलेला. आपल्यातल्या निम्म्यांची हीच स्टोरी.

शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच हे घर ‘रांगेत चला, बोलू नका’ म्हणत बघितलेलं असतं किंवा बघितलेलं नसतं. दोन्हीत फरक शून्य. पण पॅलेस बघून लगेच या घरात आलं की डोक्यात एक विजेचा बल्ब लागतो. १९०८ मध्ये टिळकांना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं कुठं? मंडालेला! मंडालेचा राजा रत्नागिरीत कैद आणि रत्नागिरीचा मुलगा मंडालेत कैद. १९०८ ते १९१४, अख्खी सहा वर्षं हे असं चालू होतं. १९१०च्या अखेरीला राजा नव्या राजवाड्यात राहायला गेला आणि त्याच हिवाळ्यात तिकडे मंडालेच्या तुरुंगात टिळक पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहीत होते. १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या, नवरा मंडालेत. त्याच वर्षी धाकटी राणी सुपयागले रत्नागिरीत वारली. दोघींचंही शेवटचं दर्शन ज्यांच्या-त्यांच्या माणसांना, ज्यांच्या-त्यांच्या मातीत मिळालं नाही.

हे काही योगायोग म्हणून मिटक्या मारत सांगायचं प्रकरण नाही. ते साम्राज्य असंच चालायचं. माणूस धोकादायक वाटला की त्याला उचलायचं आणि जिथं त्याची भाषा कुणाला कळत नाही तिथं नेऊन ठेवायचं. १८५७च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेलं, तो तिथंच १८६२ मध्ये गेला. त्यानंतर रंगूनच्या पलीकडच्या राजाला इकडे आणलं. मालाची देवाणघेवाण करावी तशी राजांची. मंडालेतल्या माणसांना टिळक कोण ते माहीत नव्हतं आणि राजिवड्यातल्या कोळणीला थिबा कोण ते माहीत नव्हतं. तीच तर खरी शिक्षा होती.

(इथं एक कबुलीवजा सूचना : टिळक आळीत दुपारी जाऊ नका. उन्हानं नव्हे, झोपेनं. आळीच्या आळी दोन ते चार अशी काही गप्पगार होते की तुम्हालाही कुणाच्या तरी ओटीवर आडवं व्हावंसं वाटतं.)

माझा मुक्काम आत्याकडे होता, मुरुगवाड्यात. पांढऱ्या समुद्राची गाज रात्री थेट उशीशी येते. नवख्यांसाठी सांगायला हवं, रत्नागिरीला दोन समुद्र आहेत. मांडवीच्या बाजूची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूची फिकी, म्हणून पांढरा. इतका साधा, सरळ हिशेब. या पांढऱ्या समुद्रावर २०२०च्या जूनमध्ये, निसर्ग चक्रीवादळात, ‘बसरा स्टार’ नावाचं एक मोठं जहाज वाहत येऊन आदळलं आणि मग वर्षानुवर्षं तिथंच रुतून बसलं. आत्या म्हणते, रत्नागिरीत आलेला पाहुणा लवकर सुटत नाही, हे त्यालाही कळलं.

आता खरं सांगायचं तर मला बाबांनी एका कामगिरीवर पाठवलं होतं. काका जाऊन दोन वर्षं झाली. आत्या ७४ वर्षांची, गुडघे कुरकुरतात, घर जुनं, चिऱ्याचं, दर पावसाळ्यात कौलं शाकारायची, आगरातली माडाची झापं गोळा करायची, माणसं मिळत नाहीत. बाबा आणि मोठ्या काकांचं ठरलंय, आत्याला मुंबईला आणायचं. आमच्या टॉवरमध्ये लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, सिक्युरिटी आहे. सगळे मुद्दे मी पॉवरपॉइंटसारखे पाठ करून गेले होते. रात्री जेवताना हळूच विषय काढला. पानात बांगडा होता, सोलकढी होती, वातावरण अनुकूल होतं.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘म्हणजे मला तुमच्या त्या सोळाव्या मजल्यावर थिबा राजा करून ठेवणार म्हणा की. पेन्शन आहे, खिडकी आहे, गेटवर पहारा आहे. आणि खालून जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं.’

‘असं काय गं आत्या,’ मी म्हटलं.

‘असं काय नाय, तसंच. पहाऱ्याला तुम्ही सिक्युरिटी म्हणता एवढाच फरक. भात वाढू?’

माझा पॉवरपॉइंट तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी सकाळी, पतितपावन मंदिर. इथं रत्नागिरीतल्या दुसऱ्या मोठ्या स्थानबद्धाची गाठ पडते. वि. दा. सावरकरांना १९२१ मध्ये अंदमानहून देशात परत आणलं, काही काळ रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवलं, मग येरवड्याला. जानेवारी १९२४ मध्ये सोडलं ते अटी घालून : रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारणात पडायचं नाही. मुदत पाच वर्षांची होती, ती वाढत वाढत १९३७ पर्यंत गेली. गावातल्या तुरुंगात त्यांची कोठडी स्मारक म्हणून जपलेली आहे, पण तुरुंग आजही तुरुंगच आहे, सहज डोकावायची जागा नव्हे. मार्च १९२७ मध्ये गांधीजी रत्नागिरीत आले तेव्हा सावरकरांच्या घरी जाऊन त्यांना भेटले. पुढे या दोन नावांभोवती जे सगळं घडलं ते माहीत असलेल्या आपल्याला ती भेट डोळ्यांपुढे आणताना अंगावर शहाराच येतो.

सावरकरांबद्दल मतं टोकाची आहेत, तुमच्या ऑफिसच्या कँटीनमध्येही असतील. मी त्यात इथं पडत नाही. पण नजरकैदेत माणूस काय करतो, हा प्रश्न घेऊन पतितपावनच्या पायऱ्या चढा. राजा थिबानं खिडकीतून समुद्र बघितला. टिळकांनी ग्रंथ लिहिला. सावरकरांनी राजकारणाचं दार बंद आहे म्हटल्यावर गावातली दारं ठोठावायला सुरुवात केली. शाळेत सगळ्या जातींची पोरं एकत्र बसवा, देवळात सगळ्यांना घ्या, एका पंगतीत जेवा. कर्मठ रत्नागिरीत तेव्हा यावरून किती आदळआपट झाली असेल, याची कल्पना करा. फेब्रुवारी १९३१ मध्ये हे लक्ष्मीनारायणाचं मंदिर उघडलं, कुठल्याही जातीच्या हिंदूला थेट गाभाऱ्यापर्यंत जायला मोकळं. याच सुमारास तिकडे नाशकात काळाराम मंदिराच्या बंद दारापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह चालला होता. तो १९३०ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवून बघितलं की रत्नागिरीतल्या या दाराची किंमतही कळते, आणि एका दारानं भागण्यासारखं नव्हतं तेही कळतं.

आणि मंदिर बांधलं कुणी? पैसे कुणाचे? भागोजीशेठ कीर यांचे. हे नाव दादर-माहीमच्या वाचकांनी ऐकलेलं असतं, पण भलत्याच संदर्भात, शिवाजी पार्कच्या स्मशानभूमीवर ते आहे म्हणून. भागोजी कीर रत्नागिरीचे, भंडारी समाजातले, घरची परिस्थिती हलाखीची. मुंबईला गेले, कष्ट करून मोठे बांधकाम कंत्राटदार झाले. मग पैसा घेऊन गावाकडे वळले. रत्नदुर्गाच्या पायथ्याचं भागेश्वराचं देऊळही त्यांचंच. मला विचाराल तर या गावातला सगळ्यात इंटरेस्टिंग माणूस हाच. राजे, लोकमान्य, स्वातंत्र्यवीर सगळे पाट्यांवर आहेत. पण ज्यानं चाकरमानी होऊन दारिद्र्यातून स्वतःची सुटका करून घेतली आणि परत येऊन इतरांसाठी दार बांधलं, त्याच्यावर एक झकास सिनेमा व्हायला हवा होता.

भागेश्वरापर्यंत आलात की रत्नदुर्ग समोरच. गावात याला भगवती किल्लाच म्हणतात, कारण बालेकिल्ल्यात भगवतीचं देऊळ आहे. तीन बाजूंना समुद्र, आकार घोड्याच्या नालेसारखा. बहामनींच्या काळापासूनची ही जागा, १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला, नंतर आंग्रे, पेशवाई, आणि १८१८ मध्ये इंग्रज. तटावरून पूर्ण चक्कर मारा. एका बाजूला मिरकरवाड्याच्या बंदरात शेकडो रंगीत ट्रॉलर दाटीवाटीनं उभे, दुसऱ्या बाजूला नुसतं निळं, वेगळ्या टेकाडावर दीपगृह. किल्ल्यात भुयाराचं तोंड आहे, खाली समुद्राच्या गुहेकडे जाणारं. किल्ला बांधणाऱ्यानं पळून जायची सोय करून ठेवली होती, राजवाडा बांधणाऱ्यानं नाही. एवढ्या एका गोष्टीत दोन वास्तूंमधला फरक आला.

संध्याकाळी मांडवीवर भेळ. लोक याला रत्नागिरीचं गेटवे म्हणतात, आणि पूर्वी ते खरोखरच होतं. मुंबईहून रात्रीची बोट यायची ती दूर पाण्यात उभी राहायची. मग उतारू, ट्रंका, कोंबड्या, पोरंबाळं सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला आणायचे. आमचे आजोबा गिरणीत लागायला गेले ते याच वाटेनं. बोट लागून रेवसपर्यंत पार आडवे झाले होते म्हणे. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधीच बोटीचे दिवस संपत आले होते. काळ्या वाळूवर बसून मला वाटत होतं, राजाला इथं आणलं ते पाणी ओलांडून, आणि आपल्या आजोबा-पणजोबांना इथून पोटासाठी जावं लागलं तेही त्याच पाण्यावरून. इथल्या प्रत्येक घरात कुणीतरी लांब आहे. फक्त त्यांना कुणी सक्तीनं नेलेलं नाही, निदान कागदोपत्री तरी नाही.

राहता राहिली समाधी, आणि ती मी शेवटी मुद्दाम ठेवली. शिवाजीनगरमध्ये, वस्तीच्या मधोमध, दोन समाध्या आहेत. मोठी थिबाची, शेजारी सुपयागलेची. राजा गेल्यावर राणी सुपयालतनं हट्ट धरला, शव ब्रह्मदेशात नेऊ द्या. सरकारनं दिलं नाही. दोन वर्षांहून जास्त काळ पेटी तशीच ठेवलेली होती. अखेर १९१९ मध्ये इथंच पुरलं. त्याच वर्षी राणीला परत जायची परवानगी मिळाली, पण रंगूनपर्यंतच, मंडाले नाही. १९२५ मध्ये ती तिथं वारली. नवरा रत्नागिरीत, बायको रंगूनमध्ये. जफर ज्या शहरात पुरला आहे त्याच शहरात.

पण मला गुंतवून ठेवते ती थोरल्या राजकन्येची गोष्ट. राजवाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंतांपासून तिला मुलगी झाली, टूटू. तेव्हा किती गहजब झाला असेल ते सांगायला नको. १९१९ला आईलेकी बाकीच्या कुटुंबाबरोबर ब्रह्मदेशात गेल्या. म्हणजे सुटका झाली! आणि मग त्या रत्नागिरीला परत आल्या. आपण होऊन. थोरली राजकन्या हालअपेष्टांत दिवस काढून १९४७ मध्ये इथं वारली. टूटू पुढे लग्न करून संसाराला लागली, शेणी थापल्या, कागदाची फुलं करून विकली, पोरंबाळं वाढवली, आणि २००० साली रत्नागिरीतच गेली. बोलायची मराठी. मंडालेच्या राजाची नात! आजोबासाठी जो तुरुंग, तोच नातीसाठी गाव. मधे फक्त एक पिढी. सुधा शहा यांनी ‘द किंग इन एक्झाइल’ या २०१२च्या पुस्तकात हे सगळं कष्टानं शोधून लिहिलंय, मिळवून वाचाच.

डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथं आले आणि समाधीपुढे उभे राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये, राजाला जाऊन शंभर वर्षं झाली तेव्हा, त्याचे तिकडचे वंशज आले होते. समाधी तिकडे न्यावी, अशी चर्चा अधूनमधून होते. माझं मत स्पष्ट आहे : त्याच्या घरच्यांनी एकमतानं मागितली तर बिनशर्त द्यावी, आपण पर्यटनस्थळ म्हणून अडवून धरणं म्हणजे दुसऱ्यांदा नजरकैद. पण ‘घरच्यांनी’ म्हणताना त्यात रत्नागिरीत मराठी बोलणारे त्याचे पणतू-खापरपणतूही आले. त्यांना वगळून निर्णय नको.

समाधीला आत्या माझ्याबरोबर आली होती, गुडघ्यांसकट. घरून निघताना तिनं अनंताची चार फुलं पिशवीत टाकली होती. तिथं पोचल्यावर दोन-दोन करून दोन्ही समाध्यांवर ठेवली. शेजारच्या घरातल्या काकू अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, ‘बर्माहून आलात काय?’

‘नाही हो, मुंबईहून.’

‘मग ठीकाय,’ त्या म्हणाल्या. ‘बर्माची माणसं येतात ती रडतात. पाणी हवंय?’

आम्ही पाणी प्यायलो. आत्या वाळवणावर त्यांच्याशी अर्धा तास बोलली. मुंबईचा विषय निघाला नाही. बाबांना मी फोनवर सांगितलंय की आधी या पावसाळ्याच्या आत कौलं शाकारायला माणूस शोधू, बाकीचं मग बोलू. ते अजून रुसलेले आहेत.

सोमवारी पॅलेस बंद असतो, तेव्हा शनिवार-रविवारच धरा. टोपी घ्या, पाणी घ्या, आणि किल्ल्यावर चढायचं असेल तर त्या नव्या लेदर सोलच्या चपला हॉटेलवर ठेवून या. जांभ्यावर त्या अशा काही घसरतात!